मधुमेह आणि आखडलेला खांदा
(मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर नेहमी विद्वान वक्ते बोलतात. आम्ही विद्वान नाही आणि डॉक्टर तर मुळीच नाही. कला शाखेची पदवी घेतली, बँकेत कारकून म्हणून लागलो आणि आजही काउंटरवर बसतो. तेव्हा आजाराविषयी बोलण्याचा आम्हांला काय अधिकार, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर तो रास्तच आहे. अधिकार एवढाच, की हे दुखणे आम्ही स्वतः दीड वर्ष भोगले, त्यात घोडचुका केल्या आणि त्या चुकांतून जे शिकलो ते आपल्या वस्तीतल्या दहा माणसांना सांगावे असे वाटले. कार्यकारिणीने वेळ दिला त्याबद्दल आभारी आहोत.

सुरुवात अगदी क्षुल्लक होती. डाव्या कुशीवर झोपले की रात्री खांद्यात ठणका लागायचा आणि झोप मोडायची. आम्ही म्हटले, पंख्याचा वारा लागला असेल. मग एके सकाळी अंधेरीला गाडीत चढलो, उजव्या हातात पिशवी होती म्हणून डाव्या हाताने वरची कडी धरायला गेलो, तर हात खांद्याच्या वर जाईचना. गाडीला झटका बसला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुढे पुढे शर्टाच्या बाहीत हात घालणे, पँटचा पट्टा मागच्या बाजूने ओवणे, पाठीला साबण लावणे ही कामे होईनात. घरी मंडळींना सदरा घालून द्यावा लागे. चाळिशीतल्या माणसाला लहान मुलासारखे दुसऱ्याने कपडे घालावेत, याची लाज वाटते. ती लाज झाकण्यासाठी आम्ही गप्प राहिलो, ही पहिली चूक.

दुसरी चूक त्याहून मोठी. कुणीतरी सांगितले म्हणून एका मालिश करणाऱ्याकडे गेलो. त्याने तेल लावले, चोळले आणि बोलता बोलता हात धरून एकदम वर ओढला. कट्ट असा आवाज झाला. तो म्हणाला, "मोकळा झाला." प्रत्यक्षात पुढचे पंधरा दिवस आम्हांला तो हात गळ्यात बांधून कामावर जावे लागले, आणि जेवढा हलत होता तेवढाही हलेनासा झाला.

तिसरी चूक सर्वांत महत्त्वाची, कारण ती आपल्यापैकी अनेक जण आजही करीत असतील. आम्हांला मधुमेह आहे हे आठ वर्षांपासून ठाऊक होते. गोळ्या होत्या, पण जिभेला आणि सवडीला सांभाळून. पगार झाला की आणायच्या, महिनाअखेरीस संपल्या की पुढच्या पगारापर्यंत थांबायचे. साखर रक्तात असते, तिचा खांद्याशी काय संबंध, असे आम्हांला वाटे. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खांद्याला हात लावण्याआधी विचारले, "डायबेटिस आहे का?" तेव्हा आमचे डोळे उघडले.

डॉक्टरांनी काय तपासले ते सांगतो, म्हणजे घरी कुणाला शंका आली तर उपयोग होईल. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला चिकटवून ठेवायला सांगितले आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायला सांगितले. उजवा हात दरवाजा उघडावा तसा बाहेर गेला. डावा जागचा हलला नाही. मग त्यांनी स्वतः हलवून पाहिला, तरीही हलला नाही. ही या आजाराची मोठी खूण आहे. नुसता स्नायू दुखावला असेल तर रुग्णाला हात हलवता येत नाही, पण दुसऱ्याने हलवला तर बहुधा हलतो. इथे दोघांनाही हलवता येत नाही. एक्स-रे काढला तो बहुतेक वेळा चांगलाच येतो, तसा आमचाही चांगला आला. एक्स-रे चांगला म्हणून दुखणे खोटे, असा अर्थ घरच्यांनी काढू नये. आणि डावा खांदा होता म्हणून त्यांनी हृदयाचा कार्डिओग्रामही काढला. हे लक्षात ठेवा. डाव्या खांद्यात अचानक कळ आली, त्यासोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर तेल-बाम शोधत न बसता थेट रुग्णालय गाठावे. मधुमेह्याच्या बाबतीत तर ही सावधगिरी दुप्पट हवी.

आता हा आजार म्हणजे काय? खांद्याचा सांधा म्हणजे उथळ वाटीत ठेवलेला गोळा. त्याभोवती एक पातळ, सैल पिशवी असते. ती सैल असते म्हणूनच हात वर, खाली, मागे असा चहूकडे फिरतो. या पिशवीला सूज येते, मग ती जाड होते, आक्रसते आणि हात जखडतो. फ्रान्सच्या दुप्ले नावाच्या शल्यवैद्यांनी १८७२ साली अशा दुखण्याचे वर्णन केले होते. अमेरिकेतील डॉ. कॉडमन यांनी १९३४ मध्ये त्याला 'फ्रोजन शोल्डर', म्हणजे गोठलेला खांदा हे नाव रूढ केले. १९४५ मध्ये डॉ. नेव्हायझर यांनी दोष त्या पिशवीत असल्याचे दाखवले. जपानमध्ये याला सरळ 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात, कारण तो बहुधा चाळीस ते साठ या वयात धरतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक.

मधुमेहाचा संबंध असा. आपल्या सांध्यांच्या पिशव्या, स्नायूंची टोके, त्वचा यांत कोलॅजन नावाचे धागे असतात. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की ती या धाग्यांना चिकटते आणि धागे एकमेकांत अडकून ताठ होतात. सुती दोरीला पाकात बुडवून वाळवली तर ती जशी कडक होईल, तसेच काहीसे. म्हणून सर्वसाधारण लोकांत शंभरात दोन ते पाच जणांना होणारा हा आजार मधुमेह्यांत शंभरात दहा ते वीस जणांना, काही पाहण्यांत त्याहूनही अधिक जणांना आढळला आहे. मधुमेह्यांत तो अधिक चिवट असतो, जास्त दिवस टिकतो आणि एकामागून एक दोन्ही खांदे धरण्याची शक्यताही जास्त असते. थायरॉइडचा विकार असलेल्यांनाही हा धोका असतो. भारतात मधुमेही किती, तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार १० कोटींहून अधिक. त्यातले कित्येक जण आपल्याला मधुमेह आहे हे जाणतही नाहीत. म्हणून ज्याचा खांदा आखडला त्याने एकदा तरी साखर तपासून घ्यावी. कधी कधी खांदाच मधुमेहाची पहिली वर्दी देतो.

या आजाराच्या तीन पायऱ्या सांगतात. पहिली दुखण्याची, साधारण दोन ते नऊ महिने. रात्री ठणका, हात हळूहळू कमी हलू लागतो. दुसरी गोठण्याची, चार ते बारा महिने. वेदना उतरते, पण हात जखडलेला असतो. तिसरी सुटण्याची. ती वर्ष ते तीन वर्षेही चालते. माणूस म्हणेल, आपोआप सुटतो तर उपचार कशाला? त्याचे उत्तर असे, की सर्वांचा पूर्ण सुटत नाही. मधुमेह्यांचा तर अनेकदा थोडा ताठरपणा कायम राहतो. आणि दोन-तीन वर्षे एक हात निकामी ठेवणे हातावर पोट असलेल्याला परवडत नाही.

आता हाताने करायच्या उपचाराकडे वळतो, म्हणजे फिजिओथेरपीकडे. ही विद्या देशात रुजली ती आपल्याच मुंबईत. पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांचा प्रश्न मोठा होता, त्या काळात, १९५२ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने परळच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी देशातील पहिली शाळा निघाली. पुढे १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. म्हणजे ही कुणा मालिशवाल्याची कला नव्हे. शरीररचना शिकून, परीक्षा देऊन मिळवलेली विद्या आहे.

आम्ही ज्या मॅडमकडे जात होतो त्या आमच्या पुतणीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी आमचा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "काका, घाबरू नका. मी ओढणार नाही. दुखलं तर बोट वर करा, मी थांबेन." त्या एका वाक्याने आमची निम्मी भीती गेली. आम्हांला उताणे झोपवले, काखेजवळ टॉवेलची घडी ठेवली. आम्हांला वाटले होते, हात मनगटाला धरून वर नेतील. तसे नाही. त्यांनी एका हाताने खांद्याचे मागचे हाड स्थिर धरले आणि दुसरा हात सांध्याच्या अगदी जवळ ठेवून वाटीतला गोळा अलगद खाली, मग अलगद मागे सरकवला. बाहेरून पाहणाऱ्याला काही हलले असेही वाटणार नाही. अशी लय धरून अर्धा-एक मिनिट, मग विसावा, पुन्हा तसेच. याला मोबिलायझेशन म्हणतात. ऑस्ट्रेलियाचे मेटलंड यांनी त्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या. वेदना फार असते तेव्हा सांध्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात लहानशी हालचाल, ती वेदना शमवण्यासाठी. वेदना उतरली की हालचालीच्या शेवटच्या टोकाला जाऊन ताण, तो पिशवी सैल करण्यासाठी. न्यूझीलंडच्या मलिगन यांच्या पद्धतीत चिकित्सक गोळा सरकवून धरतो आणि त्याच वेळी रुग्ण स्वतः हात उचलतो. मुद्दा एकच. दार बिजागरीत अडकले असेल तर फळी धरून हिसडे मारू नयेत, बिजागरी मोकळी करावी.

मग जोर किती लावावा? याबाबत दोन अभ्यास आम्हांला समजावून सांगण्यात आले. नेदरलँड्समध्ये २००४ साली ७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना वेदना सहन करायला लावून जोराने ताण दिला, काहींना वेदनेच्या मर्यादेत राहून व्यायाम दिला. दोन वर्षांनी सौम्य उपचाराच्या गटात शंभरातल्या ८९ जणांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला, जोराच्या गटात ६३ जणांचा. हे रुग्ण मधुमेहामुळे आखडलेल्या खांद्याचे नव्हते, तरी हिसडा मारू नये हा धडा आपणही घ्यावा. दुसरा अभ्यास ब्रिटनमधला, २०२० चा. ३५ रुग्णालयांतील ५०३ रुग्णांपैकी काहींना भूल देऊन खांदा सोडवला, काहींची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली, काहींना सांध्यात इंजेक्शन देऊन पद्धतशीर फिजिओथेरपी दिली. वर्षअखेर कोणताही एक उपचार दुसऱ्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. म्हणजे ज्याच्या खिशात शस्त्रक्रियेचे पैसे नाहीत त्याने हताश होण्याचे कारण नाही. मात्र हात हलवायला रोज वेळ काढावा लागेल.

घरी करायचे व्यायाम सांगतो. टेबलावर चांगला हात टेकून पुढे वाकावे, दुखरा हात सैल सोडावा आणि घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे, मग गोल झुलवावा. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढावी आणि जिथे पोचू तिथे पेन्सिलने खूण करावी. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत. पहिली आमच्या हनुवटीच्या पातळीवर, शेवटची फळीच्या वर. उताणे झोपून दोन्ही हातांनी काठी धरावी आणि चांगल्या हाताच्या आधाराने दुखरा हात डोक्याकडे न्यावा. कोपरे बरगडीला लावून त्याच काठीने दुखरा पंजा बाहेर ढकलावा. खिडकीच्या गजावरून दोरी टाकून विहिरीच्या रहाटासारखी ओढली तरी चालते. पाठीमागे टॉवेल धरून ओढण्याचा व्यायाम शेवटी, वेदना उतरल्यावरच. दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक व्यायाम दहा वेळा. ताण जाणवावा, पण व्यायामानंतर ठणका तासभर रेंगाळला किंवा रात्री झोप मोडली, तर दुसऱ्या दिवशी जोर कमी करावा. मात्र सुरुवात करण्याआधी एकदा तज्ज्ञाला खांदा दाखवावाच.

मधुमेह्यांनी चार पथ्ये विशेष पाळावीत.

एक, शेक. मधुमेहात त्वचेची जाणीव कमी होते. गरम पाण्याची पिशवी कधीही उघड्या त्वचेवर ठेवू नये. टॉवेलात गुंडाळावी, आधी चांगल्या हाताच्या कोपराने पाहावी, दहा-पंधरा मिनिटांत काढावी. शेकाने भाजून आलेला फोड मधुमेह्याला महिनाभर पुरतो.

दोन, इंजेक्शन. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर वेदना उतरते, पण काही दिवस साखर वाढते. आपल्याला मधुमेह आहे हे देणाऱ्याला आधी सांगावे आणि त्या दिवसांत साखर तपासत राहावे.

तीन, उपाशीपोटी व्यायामाला जाऊ नये. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन रिकाम्या पोटी रांगेत दोन तास उभे राहिले की घाम फुटतो, हात थरथरतात. खिशात साखरेची पुडी ठेवावी.

चार आणि मुख्य, साखर. तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते ती करून घ्यावी, गोळ्या चुकवू नयेत. मॅडम आम्हांला म्हणाल्या होत्या, "काका, मी इथे अर्धा तास सोडवते, तुम्ही उरलेले साडेतेवीस तास पुन्हा बांधू नका."

बंधू-भगिनींनो, आमचा खांदा सुटला. पूर्ण नाही, पण गाडीतली कडी धरता येते आणि सदरा स्वतः घालतो. परंतु आज बोलण्याचे खरे कारण आमचा खांदा नाही. आमच्याच वस्तीत एक मावशी आहेत. चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनाही मधुमेह, त्यांचाही खांदा आमच्याच सुमारास धरला. आम्हांला पगारी रजा होती. त्यांना रुग्णालयाच्या रांगेत गेलेली प्रत्येक सकाळ म्हणजे एक खाडा, आणि तीन खाडे झाले की काम दुसरीला. त्या तीनदा गेल्या आणि थांबल्या. आज त्यांना वेणी घालता येत नाही, झंपराची बटणे लावता येत नाहीत, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही म्हणून दोन घरची कामे सुटली. आता दुसरा खांदाही दुखू लागला आहे. आजार एकच, मग एकाचा हात सुटला आणि दुसरीचा गोठला, तो का? औषधाच्या फरकाने नव्हे, रजेच्या फरकाने. हे आमच्या मनाला लागून राहिले आहे.

म्हणून सभेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, कूपर, राजावाडी, कांदिवलीचे शताब्दी अशा आपल्या उपनगरांतील पालिकेच्या रुग्णालयांत केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या वारी जायचे, याची चौकशी करून ती माहिती सभागृहाच्या फलकावर लावावी. ते काम आम्ही स्वतः करू. दुसरी, या सभागृहाच्या खिडकीला एक दोरी-कप्पी बसवावी आणि भिंतीवर फूटपट्टी रंगवावी. संध्याकाळी अर्धा तास ज्यांचे खांदे धरले आहेत त्यांनी एकत्र व्यायाम करावा. एकट्याने कंटाळा येतो, चौघांत हुरूप येतो. तिसरी, ज्या भगिनींचा खाडा होतो त्यांच्याबरोबर आपल्यापैकी कुणीतरी जावे, रांगेत उभे राहावे, आणि त्यांच्या पाळीपुरते त्यांना बोलवावे. त्या मावशींसाठी येत्या सोमवारी आमच्या घरून सुरुवात होईल.

शेवटी एक आठवण. स्वतः बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४८ च्या सुमारास पायांच्या वेदनांनी त्यांना झोप लागत नसे, उपचारासाठी ते मुंबईला येत. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला आणि पुढे माईसाहेबांनी त्यांचे पथ्यपाणी व औषधोपचार सांभाळले. त्याच दुखण्याच्या वर्षांत, २६ नोव्हेंबर १९४९ पर्यंत, संविधानाचे काम पार पडले. एवढ्या मोठ्या माणसाने आजार लपवला नाही, उपचार घेतले आणि काम केले. मग आपण साखर आहे हे सांगायला का लाजावे?

तेव्हा ज्यांचा हात आज वर जात नाही, त्यांनी सभा संपल्यावर आम्हांला भेटावे. लाजू नये. आम्ही मागच्या दाराजवळ वही घेऊन बसलो आहोत.